प्रवासी हेडफोनच्या पेटीतील जोडसाहित्य : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

वस्तूच्या इतिहासात मुख्य वस्तूला स्थान मिळते. तिच्यासोबत येणारी पेटी, पिशवी, तारा आणि जोडण्या मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत निबंधात विमानप्रवासासाठी तयार झालेल्या उंची किमतीच्या हेडफोनचे वेष्टन आणि त्यातील जोडसाहित्य यांचा इ.स. १९५८ पासून आजपर्यंतचा आढावा घेतला आहे. पेटीतील साहित्य ही केवळ विक्रेत्याची मेहेरबानी नसून परस्परांशी न जुळणाऱ्या तांत्रिक व्यवस्थांची ती नोंद आहे, तसेच अलीकडच्या काळात पेटी रिकामी होत जाणे म्हणजे खर्चाचा भार उत्पादकाकडून ग्राहकाकडे सरकणे होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भौतिक संस्कृती, वेष्टन, हेडफोन, विमानप्रवास, जोडसाहित्य, ग्राहकहित.

प्रस्तावना

प्रवास आणि प्रवासाचे साहित्य यांचा संबंध जुना आहे. महाराष्ट्रातील मागील पिढ्यांच्या प्रवासाचे चित्र फिरकीचा तांब्या, वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि शिदोरी यांवाचून पूर्ण होत नाही. फिरकीच्या तांब्याचे झाकण घट्ट का बसते, हे समजून घ्यावयाचे तर रेल्वेगाडीचे हेलकावे आणि वाटेतील पाण्याची अनिश्चितता लक्षात घ्यावी लागते. म्हणजेच प्रवासी वस्तूचा घाट प्रवासाच्या अडचणींनी ठरविलेला असतो. हाच नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवाशाच्या कानावर आलेल्या हेडफोनलाही लागू पडतो.

महागड्या प्रवासी हेडफोनची पेटी उघडली असता त्यात कठीण कवचाची पिशवी, एक-दोन तारा, विमानातील आसनासाठीची दुहेरी खुंट्यांची जोडणी, क्वचित घरातील ध्वनियंत्रासाठी जाड खुंटीची जोडणी, विद्युत्घट आणि माहितीपुस्तिका असे साहित्य आढळत असे. यांतील प्रत्येक वस्तू विशिष्ट काळात पेटीत आली आणि काही वस्तू विशिष्ट काळात पेटीतून गेल्या. या येण्याजाण्याला तंत्रज्ञान, विमान कंपन्यांचे व्यवहार, शासकीय कायदे आणि बाजाराची गणिते कारणीभूत आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) प्रवासी हेडफोनसोबतच्या जोडसाहित्याचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) प्रत्येक जोडवस्तूच्या उगमामागील तांत्रिक व आर्थिक कारणे स्पष्ट करणे.
३) जोडसाहित्य कमी होण्याच्या प्रक्रियेचा ग्राहक व पर्यावरण या दोन्ही दृष्टींनी विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. विवेचन मुख्यतः बोस, सोनी आणि ॲपल या तीन कंपन्यांच्या उत्पादनांपुरते मर्यादित आहे.

जोडवस्तूचे मुख्य वस्तूत रूपांतर

हेडफोन हे मुळात दुसऱ्या यंत्राचे उपांग होते. अमेरिकेतील युटा राज्यातील नॅथनिएल बाल्डविन यांनी इ.स. १९१० मध्ये तयार केलेली कर्णयंत्रे अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेशासाठी स्वीकारली. तेथे त्यांचे मोल बिनतारी यंत्राचा भाग म्हणूनच होते. इ.स. १९५८ मध्ये मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी सुटसुटीत ग्रामोफोन बाजारात आणण्याचा प्रयत्न केला. त्यासोबत खासगी श्रवणासाठी जोडलेला 'एसपी-३' हा स्टिरिओ हेडफोनच लोकांना अधिक भावला आणि ग्रामोफोन मागे पडला. उपांगाने अंगावर मात केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

तरीही पुढील बराच काळ हेडफोनची ओळख दुय्यमच राहिली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या 'वॉकमन' या कॅसेटयंत्रासोबत हलका हेडफोन येत असे, पण ग्राहक पैसे मोजत तो वॉकमनचे. चालत्याफिरत्या माणसाने एकट्याने संगीत ऐकावे, ही कल्पना याच यंत्राने जगभर रुजविली. हेडफोनला स्वतःची पेटी, स्वतःची पिशवी आणि स्वतःची उपांगे प्राप्त होण्यासाठी मात्र वेगळी गरज निर्माण व्हावी लागली. ती गरज विमानाच्या घरघरीने निर्माण केली.

विमानातील श्रवणव्यवस्था आणि दुहेरी खुंटी

इ.स. १९६१ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीने विमानात नियमितपणे चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. चित्रपट सर्वांना दिसला तरी तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे ऐकू येणे आवश्यक होते. यासाठी इ.स. १९६३ च्या सुमारास वायुनलिकांवर चालणारे कर्णयंत्र वापरात आले. आसनाच्या हातामध्ये लहान ध्वनिवर्धक बसविलेला असे आणि त्यातील आवाज दोन पोकळ नळ्यांमधून, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपप्रमाणे, कानापर्यंत पोहोचत असे. या साधनात विजेचा भाग नसल्याने ते स्वस्त पडे. शिवाय विमानाबाहेर त्याचा काहीही उपयोग नसल्याने प्रवाशाने ते घरी नेण्याचे प्रयोजनही उरत नसे.

पुढे विद्युत् कर्णयंत्रे आली तेव्हा अनेक विमानांत आसनाशी एकाऐवजी दोन छिद्रे ठेवण्यात आली, डाव्या कानासाठी एक व उजव्या कानासाठी एक. विमान कंपनीचे कर्णयंत्र बाहेरच्या यंत्राला लागू नये, म्हणजे ते चोरीस जाणार नाही, असे या रचनेचे कारण सामान्यतः सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट होता. प्रवाशाचा स्वतःचा हेडफोन त्या आसनाला थेट जोडता येत नसे. एका व्यवस्थेने उभारलेली भिंत ओलांडण्यासाठी दुसऱ्या व्यवस्थेला शिडी पुरवावी लागली. दोन खुंट्यांची छोटी जोडणी ही ती शिडी होय, आणि पुढील अनेक वर्षे ती प्रवासी हेडफोनच्या पेटीचे ओळखचिन्ह ठरली.

अमर बोस आणि शांततेची बाजारपेठ

आवाजाने आवाज नष्ट करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना इ.स. १९३६ मध्ये तिचे अमेरिकी एकस्व मिळाले होते. ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण केल्यास दोन्ही लहरी परस्परांना निष्प्रभ करतात, हे तिचे सूत्र होय. मात्र हे सूत्र प्रत्यक्षात आणण्यास पुढील कित्येक दशके लागली.

या कार्यात अमर गोपाल बोस यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते होते व ब्रिटिश सत्तेच्या रोषामुळे ते अमेरिकेत गेले. इ.स. १९२९ मध्ये फिलाडेल्फिया येथे जन्मलेले अमर बोस पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक झाले आणि इ.स. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. इ.स. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजामुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात ध्वनिनिवारणाची गणिते मांडावयास सुरुवात केली, असे नमूद आहे. अध्यापकाने प्रवासाचा वेळही प्रश्न सोडविण्यात घालविला, ही बाब शिक्षकवर्गाला विशेष जवळची वाटावी.

या प्रयत्नांची पहिली फळे सामान्य प्रवाशांना मिळाली नाहीत. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान व जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमानातून कोठेही न थांबता व इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा बोस यांच्या प्रायोगिक कर्णयंत्रांचा वापर झाला. जर्मनीतील झेनहायझर कंपनीनेही लुफ्तान्सा या विमान कंपनीच्या मागणीवरून याच दशकात वैमानिकांसाठी असे तंत्र विकसित केले. इ.स. १९८९ मध्ये बोस यांचे वैमानिकांसाठीचे कर्णयंत्र विक्रीस आले. सामान्य ग्राहकासाठीचा 'क्वाएटकम्फर्ट' बाजारात येण्यास मात्र इ.स. २००० साल उजाडले. त्यात ध्वनिनिवारणाची यंत्रणा तारेवरील वेगळ्या डबीत होती. इ.स. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती कानाच्या वाटीत सामावली गेली आणि वस्तू खऱ्या अर्थाने प्रवासयोग्य झाली.

भरलेली पेटी : इ.स. २००० ते २०१४

'क्वाएटकम्फर्ट-२' ची पेटी ही भरलेल्या पेटीचे आदर्श उदाहरण होय. तीत चेन लावलेली कठीण पिशवी, विमानासाठी दुहेरी खुंटीची जोडणी, घरातील ध्वनियंत्रासाठी जाड खुंटीची जोडणी, तार लांबविण्यासाठी जादा तार आणि पेन्सिल सेल या नावाने परिचित असलेला 'ट्रिपल ए' आकाराचा एक सेल असे साहित्य होते.

या प्रत्येक वस्तूमागे स्वतंत्र इतिहास आहे. सुमारे ६.३ मिलिमीटर जाडीची खुंटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूरध्वनी केंद्रातील फलकावर तारा जोडण्यासाठी वापरात आली आणि तेथून ती ध्वनियंत्रांत शिरली. ३.५ मिलिमीटरची बारीक खुंटी ट्रान्झिस्टर रेडिओच्या प्रसाराबरोबर लोकप्रिय झाली. दुहेरी खुंटी विमानातून आली. म्हणजे एका पेटीत दूरध्वनी केंद्र, रेडिओ आणि विमान या तीन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. एका हेडफोनला तीन वेगवेगळ्या जगांत प्रवेश मिळावा यासाठीची ही प्रवेशपत्रेच म्हणावयास हवीत.

सेलच्या बाबतीत तर ग्राहकाची स्वायत्तता अधिक स्पष्ट दिसते. सेल संपला तर जगातील कोणत्याही विमानतळावरील किंवा गावातील दुकानातून तो विकत घेता येई. इ.स. २००९ च्या 'क्वाएटकम्फर्ट-१५' मध्ये सेल संपल्यास आवाज पूर्णपणे बंद पडत असे, हा दोष इ.स. २०१४ च्या 'क्वाएटकम्फर्ट-२५' मध्ये दूर झाला. तरीही दोन्हींमध्ये सेल बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडेच होता.

पेटीतील एका वस्तूचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. बोसच्या पिशवीत काही छोटी माहितीपत्रे ठेवलेली असत. शेजारच्या प्रवाशाने हेडफोनविषयी विचारणा केली तर मालकाने त्यास एक पत्र द्यावे, असा त्यामागील हेतू होता. वरकरणी ही सौजन्याची योजना होती, पण प्रत्यक्षात पैसे मोजून वस्तू घेणारा ग्राहकच कंपनीचा बिनपगारी विक्रेता बनत होता. जोडसाहित्य नेहमीच ग्राहकाच्या सोयीसाठी नसते, ते उत्पादकाच्याही सोयीचे असते, हे यावरून दिसून येते.

पिशवी : संरक्षण आणि प्रतिष्ठा

पेटी घरी राहते किंवा रद्दीत जाते, पिशवी मात्र प्रवासाला जाते. त्यामुळे वेष्टनाचे दोन थर वेगळे करून पाहणे आवश्यक ठरते. बाहेरच्या पेटीचे काम दुकानाच्या फळीवर संपते. पिशवीचे काम तेथून सुरू होते. वाट्या सपाट वळविता येणे, मधला पट्टा दुमडता येणे आणि पिशवीचा आकार या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. इ.स. २०२० च्या सोनी 'डब्ल्यूएच-१०००एक्सएम४' चा हेडफोन घडी होऊन आटोपशीर पिशवीत बसत असे. इ.स. २०२२ च्या 'एक्सएम५' मध्ये ही घडी काढून टाकण्यात आली, त्यामुळे पिशवी मोठी झाली आणि रिकामी असताना ती चपटी करण्याची सोय द्यावी लागली. इ.स. २०२५ च्या 'एक्सएम६' मध्ये घडी परत आली. वस्तूच्या बिजागरीतील एक निर्णय प्रवाशाच्या सामानातील जागा ठरवितो, याचे हे उदाहरण होय.

डिसेंबर २०२० मध्ये ॲपलने 'एअरपॉड्स मॅक्स' हा हेडफोन जाहीर केला. त्याची किंमत अमेरिकेत ५४९ डॉलर आणि भारतात ५९,९०० रुपये होती. त्यासोबतच्या मऊ आवरणात वाट्या झाकल्या जात, पण वरचा पट्टा उघडाच राहत असे. स्त्रियांच्या हातातील पर्सशी त्याची तुलना होऊन ते थट्टेचा विषय बनले. मात्र हे आवरण केवळ आवरण नव्हते. त्यात ठेवल्यावर हेडफोन अत्यल्प वीज वापरणाऱ्या अवस्थेत जात असे. म्हणजेच संरक्षणाचे मूळ कार्य दुबळे झाले आणि विजेच्या नियंत्रणाचे नवे कार्य आवरणाकडे आले. याच हेडफोनच्या पेटीत ३.५ मिलिमीटरची तार नव्हती, ती हवी असल्यास अमेरिकेत ३५ डॉलर वेगळे मोजावे लागत. ज्या किमतीत एकेकाळी सर्व जोडण्या मिळत, त्याहून अधिक किमतीत विमानातील पडद्याला जोडण्याचे मूलभूत साधनही मिळेनासे झाले.

रिकामी होत गेलेली पेटी आणि पर्यावरणाचा युक्तिवाद

इ.स. २०१६ मध्ये 'आयफोन-७' मधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी बोसचा बिनतारी 'क्वाएटकम्फर्ट-३५' आला. ऑक्टोबर २०२० पासून ॲपलने नव्या आयफोनच्या पेटीतून चार्जर व कर्णयंत्र वगळले आणि त्यासाठी पर्यावरणरक्षणाचे कारण दिले. फ्रान्समध्ये मात्र दूरध्वनीसोबत कर्णयंत्र देणे कायद्याने बंधनकारक असल्याने तेथे आयफोन-१२ ची मूळ पेटी व कर्णयंत्र यांच्यासाठी आणखी एक मोठी पेटी वापरण्यात आली. इ.स. २०२२ च्या आरंभी हे बंधन शिथिल झाले. प्रवासी हेडफोनही याच वाटेने गेले. 'एक्सएम४' सोबत मिळणारी विमानाची दुहेरी जोडणी 'एक्सएम५' च्या पेटीत राहिली नाही.

या बदलाचे समर्थन करणारी बाजू दुर्लक्षणीय नाही. 'एक्सएम५' ची पेटी प्लॅस्टिकविरहित होती. सोनीने यासाठी बांबू, उसाचा चोथा व वापरलेल्या कागदाचा लगदा यांपासून तयार केलेल्या साहित्याचा अवलंब केला. ऊसउत्पादक महाराष्ट्रातील वाचकाला चोथ्याचा हा उपयोग लक्षणीय वाटेल. शिवाय अनेक नव्या विमानांत एकच छिद्र असते, काहींत बिनतारी जोडणीचीही सोय आहे. त्यामुळे अनेकांच्या घरी दुहेरी खुंट्या न वापरताच पडून राहतात, हेही खरे.

तथापि, या युक्तिवादाची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. जोडणी काढल्यामुळे वाचलेला खर्च किमतीत कमी झाला असे सामान्यतः दिसत नाही. गरजू ग्राहक तीच वस्तू वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या वाहतुकीने मागवितो तेव्हा वाचविलेला कागद पुन्हा खर्च होतो. विमानातील पडद्याला बिनतारी हेडफोन जोडण्यासाठी स्वतंत्र प्रक्षेपक विकण्याचा नवा व्यवसायच या पोकळीतून उभा राहिला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बदलता येणाऱ्या सेलच्या जागी आत बंदिस्त घट आला, तेव्हा घटाचे आयुष्य हेच वस्तूचे आयुष्य ठरू लागले. कागदाची पेटी पर्यावरणस्नेही आणि आतील वस्तू काही वर्षांत टाकाऊ, असा हा विरोधाभास आहे.

कायद्याची भूमिका

वेष्टन हा खासगी व्यवहार नाही, त्यावर राज्यसंस्थेचीही मोहोर असते. भारतात वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पेटीवर उत्पादक वा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, कमाल किरकोळ किंमत इत्यादी मजकूर बंधनकारक आहे. एका पेटीत एकाहून अधिक वस्तू असल्यास प्रत्येकीचे नाव व संख्या नमूद करण्याची तरतूदही त्यात आहे. आयात हेडफोनच्या चकचकीत पेटीवर चिकटविलेली साधी पांढरी चिठ्ठी सौंदर्याच्या दृष्टीने विजोड वाटते, पण ग्राहकाच्या दृष्टीने आणि भावी इतिहासकाराच्या दृष्टीने तीच सर्वाधिक विश्वसनीय मजकूर ठरते.

युरोपीय संघाने इ.स. २०२२ च्या निर्देशाद्वारे समान चार्जिंग जोडणी बंधनकारक केली. हेडफोनना ती २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. चार्जर पेटीत आहे की नाही, हे चित्रचिन्हाने दर्शविणेही आवश्यक ठरले. त्यापाठोपाठ युरोपीय संघाच्या इ.स. २०२३ च्या विद्युत्घटविषयक नियमानुसार लहान उपकरणांतील घट वापरणाऱ्यास काढता व बदलता यावेत, ही अट १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरले. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. इ.स. २००३ मध्ये ग्राहकाला सहज मिळणारी सोय दोन दशकांनंतर कायद्याने परत मिळवावी लागावी, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

निष्कर्ष

१) प्रवासी हेडफोन हे मूळचे उपांग असून विमानप्रवासाच्या विशिष्ट गरजेमुळे त्यास मुख्य वस्तूचा दर्जा व स्वतःचे जोडसाहित्य प्राप्त झाले.

२) पेटीतील विविध जोडण्या दूरध्वनी, रेडिओ आणि विमान या भिन्न काळांतील व्यवस्थांच्या विसंगतीची साक्ष देतात.

३) इ.स. २०१६ नंतर जोडसाहित्य कमी होत गेले. त्यामागील पर्यावरणाचे कारण अंशतः ग्राह्य असले तरी त्यातून होणारी बचत ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे सामान्यतः दिसत नाही.

४) वेष्टनाच्या साहित्यापेक्षा घट बदलता येणे व दुरुस्ती शक्य असणे हे पर्यावरणरक्षणाचे अधिक खरे निकष आहेत.

५) वस्तुसंग्रहालये यंत्र जपतात, पण पेटी, जोडण्या व माहितीपुस्तिका बहुधा टाकून दिल्या जातात. त्यांच्याअभावी वस्तू कोणासाठी, कोणत्या अडचणीवर आणि कोणत्या अटींवर विकली गेली हे पुढील काळात सांगता येणार नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी दैनंदिन वापरातील वस्तूंचा संग्रह करताना त्यांची वेष्टनेही नोंदीसह जतन करावीत. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे, आणि विद्यार्थ्यांना साधनचिकित्सेचा पहिला पाठ देण्यास रद्दीच्या वाटेवरील एक पेटीही पुरेशी आहे.